दह्याचा हात

"गुड न्यूज, मावशी!" कोल दारातूनच ओरडला. "मला वर घेतलं. आत्ताच निघायचंय."

शुभाताईंचं लाटणं पोळपाटावर थांबलं. "अहो, ऐकलंत का? आपल्या कोलला वर घेतलं!"

हेमचंद्र आयपॅड टाकून उठले. तीन सीझन या घरानं ह्याच वाक्याची वाट पाहिली होती.

बेसबॉलची शिडी उंच. टोकाला मोठी लीग, तिच्याखाली मायनर लीगच्या चार पायऱ्या. कोल त्यातल्या दुसऱ्या पायरीवर असताना त्याचा खांदा गेला आणि तो खाली आला. खाली आलेल्यांसाठी शिडीबाहेर एक अंगण असतं. कुठल्याच मोठ्या संघाच्या पदरी नसलेली छोटी लीग. नॉर्थ कॅरोलिनातल्या या गावाचा संघ त्या अंगणातला. तिथं पगार चिमूटभर, म्हणून गावातली कुटुंबं एकेका खेळाडूला सीझनभर घरी ठेवून घेतात. इशिता नोकरीसाठी दूर बॉथेलला गेली, लेकीची खोली रिकामी झाली, आणि तिथं हा सहा फुटी डावखुरा पिचर आला. वरणभात मागून खायला लागला.

पहिल्या मॅचला निघताना शुभाताईंनी दह्याची वाटी आणली, तर यानं डावा हात पुढे केला.

"उजवा रे! डाव्या हातावर कुणी दही घेतं का?"

"पण मावशी, बॉल हा टाकतो. लक याला हवं."

त्यांना हसू आवरलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक मॅचला दही डाव्या हातावर. "तुझी आई असती तर कपाळाला हात लावला असता," हेमचंद्र बायकोला चिडवायचे. "लावू दे," त्या म्हणायच्या. "राबतो त्या हाताला पहिला मान."

आज बॅग गाडीत गेली. बेसनाच्या लाडवांचा डबा पुढच्या सीटवर बसला. शुभाताई लगबगीनं वाटी घेऊन आल्या. "थांब. तसाच जाऊ नकोस."

कोलनं हात पुढे केला. उजवा.

चमचा हवेतच राहिला. मग त्यांनी त्या तळव्यावर दही घातलं. मान वर न करता त्यानं ते चाटून घेतलं. डावा हात खिशात होता. त्यांनी तो बाहेर काढला, दोन्ही हातांत धरला, खांद्यापर्यंत एकदा कुरवाळला.

"फोन कर रे बाळा. कुठंही असलास तरी."

"करतो, मावशी."

गाडी वळणाआड गेली. हेमचंद्र अजून हात हलवत होते. "शेवटी शिकला बघ! जाताना तरी बरोबर हात पुढे केला."

शुभाताई रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिल्या. वाटी हातातच होती.

"त्याला कुणी वर नाही घेतलं हो."