फुकटचं ॲप

नवऱ्याच्या माराला भिऊन अंजू एकोडीला मावशीकडे लपली होती. त्याला नवा नंबर सापडू नये म्हणून त्याच्या फोनमधलं मोठ्या कंपनीचं ॲप तिने टाळलं. त्याच घरात दिलेल्या, तिची जाऊही असलेल्या धाकट्या बहिणीशी, रुपाशी, ती दुसऱ्याच छोट्या ॲपवर बोलायची. एके दिवशी अंजू भाताच्या रोवणीहून परतली तेव्हा रुपाचा फोन आला. "ताई, नेट वाचवाचं ते फुकटचं ॲप टाकलं ना तू? ते त्याच मोठ्या कंपनीचं हाये. आपण दुसऱ्या ॲपवर कोनासंग बोलतो, ते चोरून पाहून राहिलं. तू माह्यासंग बोलते हे पाहून त्यानं भाऊजीच्या मोबाइलवर तुझा नवा नंबर दाखवला, गावाच्या नावासकट. 'यांना ओळखता का?' म्हणून इचारलं!" अंजूने विचारलं, "कुठं हायेत ते?" "सकाळीच गाडी घेऊन निघाले." मावशी कडी लावायला धावली. तेवढ्यात दाराबाहेर मोटारसायकल थांबली आणि गोड हाक आली, "मावशी, अंजूले न्याले आलो."