स्पेनसाठी कौल

“तितं मेंढरं हायती का?” तात्याबांनी विचारलं.

“लई हायती, आबा,” मनिषा म्हणाली. “माळच्या माळ भरून.”

तात्याबांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे जळोची गावात आजवर कुणालाच ओळखता आलं नव्हतं.

पुण्यात स्पॅनिश शिकणाऱ्या या नातीला वर्षभरासाठी स्पेनचं बोलावणं आलं होतं. सोमवारी होकार कळवायचा होता. वडील हयात नव्हते. आई, बानूबाई, एवढंच म्हणायची, “आबा म्हणत्याल तसं.” आणि आबा काही म्हणतच नव्हते. नुसते विचारत होते.

“थंडी?”

“हाय. पण घोंगडं घेतलं की भागतंय.”

“भाकरी?”

“न्हाय मिळत. पाव असतोय.”

“पाव,” तात्याबा म्हणाले. मयताची खबर ऐकावी तसा चेहरा झाला त्यांचा. मग खाली बघत त्यांनी विचारलं, “आन् म्हाताऱ्या माणसाला तितं कोण इचारतं का?”

मनिषाला वाटलं, आपल्याला टाकून निघालीस, हे म्हाताऱ्यानं असं आडवाटेनं सुनावलं. तिनं विषय बदलला. त्या चैत्रात दिवस मावळला की पश्चिमेला शेपटीचा तारा दिसायचा. तिनं त्याच्याकडं बोट केलं.

“आबा, ह्याला ती माणसं कोमेता म्हणत्यात. ‘एल कोमेता’, म्हंजी तो कोमेता, म्हटलं की हा तारा. ‘ला कोमेता’, म्हंजी ती कोमेता, म्हटलं की पतंग.”

“शब्द त्योच?”

“त्योच. आपला तो माळ मेंढरं चारायचा, आन् ती माळ गळ्यात घालायची. तसंच. तो कुरा म्हंजी त्यांचा पाद्री, ती कुरा म्हंजी औषधपाणी. तो कापिताल म्हंजी भांडवल, ती कापिताल म्हंजी राजधानी.”

“भांडवल बाप्या आन् राजधानी बाई,” तात्याबा म्हणाले. “म्हंजी संसार चांगला चालला असंल.”

मग त्यांनी मान वर केली. जन्मभर मेंढरांमागं हिंडून उघड्यावर निजलेला माणूस. आभाळातली सगळी बिऱ्हाडं त्यांच्या ओळखीची. हा शेपटीवाला तेवढा परका. बराच वेळ ते त्याच्याकडं बघत राहिले.

“तो म्हटलं की आभाळात,” ते हळूच म्हणाले, “आन् ती म्हटलं की पोराच्या हातात. केवढं मोठं हाय गं हे!”

ताऱ्याबद्दल म्हणाले की भाषेबद्दल, हे विचारायचं धाडस मनिषाला झालं नाही.

सकाळी मेंढरांच्या वाड्यात कोकरांसमोर उभं राहून तात्याबा घोकत होते, “एल कोमेता, ला कोमेता.” कोकरं कान टवकारून ऐकत होती.

“माझी चेष्टा लावलीया,” मनिषा आईला म्हणाली.

“चेष्टा परवडली,” बानूबाई म्हणाली. “उद्या बिरोबाला कौल लावणार हायती. देव न्हाय म्हणला तर मग मी तरी काय करू?”

रविवारी तिघं माळावरच्या देवळात गेली. सावळाराम पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओलं फूल चिकटवलं. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. पडलेल्या कौलावर अपील नसतं, हे जळोचीत कोर्टातले वकीलही मानतात.

तात्याबांनी हात जोडून मनात प्रश्न घातला. डोळे मिटले. फुलं जागची हलेनात. डावं जरासं लोंबलं, तशी मनिषानं आईचा दंड घट्ट धरला. कुणी खोकेना, की घंटेला हात लावेना. वारा नव्हता. तरी उजवं फूल आपण होऊन सुटलं आणि अलगद खाली आलं.

सावळारामानं भंडारा उधळला. बानूबाईनं पदर डोळ्यांना लावला. मनिषा आजोबांच्या पायांवर कोसळली. “आबा, देवानं मला धाडलं!”

“तुला?” तात्याबांनी तिला खांद्याला धरून उठवलं. त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. “तुझं देवाला काय इचारायचं, येडे? तू जाणार हे मी कवाच ठरवलं व्हतं. मी इचारलं, मी संगं जाऊ का?”