फोनवरची ती

तिच्या नवऱ्याची सरकारी नोकरी. काम एकच, दिवसभर कानाला हेडफोन लावून एका पत्रकार बाईचे फोन चोरून ऐकायचे. घरी जेवताना तो सहज बोलून जायचा, "बिचारीचा आवाज आज फार बसला होता गं. आईचा विषय निघाला की अशीच थांबून थांबून बोलते."

बायकोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिचा स्वतःचा घसा आठवडाभर धरला होता, त्याचा याला पत्ताही नव्हता. "अहो, आज काय झालं..." अशी तिने सुरुवात केली, की तो कूस बदलायचा. "आता नको गं, ऐकून ऐकून कान किटलेत."

एका दुपारी तिने धाकट्या बहिणीला फोन लावला आणि मंत्र्यापासून शिपायापर्यंत अख्ख्या सरकारचा उद्धार केला.

"ताई, हळू बोल! कुणी ऐकलं तर भावोजींची नोकरी जाईल!"

"ऐकू दे की," ती म्हणाली आणि आवाज आणखी चढवला.

मग रोजचाच नेम झाला. आधी सरकारला शिव्या, मग तासभर मनातलं सगळं.

महिना उलटला असेल. एका संध्याकाळी नवरा घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. बूटही न काढता तिच्यासमोर बसला आणि म्हणाला,

"कॉलेजात तुझ्यासाठी गाणी म्हणणारा तो मुलगा कोण गं?"