सीटखालचा चाकू

आणीबाणीचे दिवस. ट्रकात बैल घालून पलूसकडं निघालेल्या रायगोंडाला हवालदारानं नाक्यावर अडवलं आणि सीटखालचा चाकू बाहेर काढला.

"ह्यो कशाला रं?"

"मागं बैल हाय, सायेब. वाटंत घसरून पडला, तर गळ्याचं दावं कापाय लागतंय. न्हाईतर फास बसतोय."

हवालदारानं चाकू पाकिटात घातला, वर लाखेचं सील केलं आणि सावकाश पंचनामा लिहायला घेतला.

तेवढ्यात मागं धाडकन आवाज झाला. बैल दाव्याला लटकला होता. गाठ आवळली होती, सुटेना.

"सायेब, चाकू द्या! पाया पडतो!"

"आता त्यो मुद्देमाल हाय. सील फोडता येत न्हाई."

हळूहळू बैलाची तडफड थांबली. हवालदारानं पंचनाम्याची शेवटची ओळ मोठ्यानं म्हणत लिहिली, "गाडीत चाकू बाळगण्याचे सबळ कारण दिसून आले नाही."