सासुरवाडीचा रस्ता

दर रविवारी सासरे जावयाला जेवायला बोलावून आपल्या मुतखड्याचं आख्यान लावत, आणि जावई पूर्वरंगातच घोरू लागे. हल्ली तर तिकडे जाताना तो हमखास रस्ताच चुकायचा. शेवटी बायकोने त्याला गाडीत लावायचं जीपीएस यंत्र घ्यायला दुकानात ओढत नेलं.

ती फोनवर बोलायला बाजूला गेली, तसा तो दुकानदाराच्या कानाशी लागला. "भाऊ, धड पोचवणार नाही असं एखादं आहे का?"

दुकानदार हळहळला. "होतं एक. सकाळीच एक आजोबा अगदी असंच मागत आले आणि घेऊन गेले."

तेवढ्यात बायको हसतमुखाने परत आली.



"अहो, राहू द्या आता. बाबांनी आज सकाळीच तुमच्यासाठी घेऊन ठेवलंय."