चार तासांची सुटका

वैराळेच्या मनगटावरची पट्टी सव्वादहाला लाल झाली आणि अर्ध्या तासात त्याच्या सुटकेचा कागद टाइप होऊन आला. हृदय बंद पडणार हे पट्टी चार तास आधी सांगू लागल्यापासून त्या तुरुंगात एकही कैदी मेला नव्हता. सगळे वेळेवर सुटत होते.

"अकरा वर्षं रजा मागितली, दिली नाहीत," वैराळे गज घट्ट धरून म्हणाला. "आता मला सुटका नको. दवाखान्यात न्या."

"कैद्याला न्यायचं तर पोलीस बंदोबस्त लागतो, त्याला दोन दिवस जातात," जेलर घेरडे समजुतीने म्हणाले. "त्यापेक्षा मोकळा माणूस हो की. उठव अंगठा."

परिचारिका शालन ढोबळे सारखी घड्याळाकडे बघत होती. अशी अठरा माणसं तिने फाटकापर्यंत पोचवली होती. फाटकापुढचं तिच्या कामात बसत नव्हतं. आज मात्र जेलरचं वाक्य तिच्या डोक्यात अडकून बसलं. मोकळ्या माणसाला कुठे लागतो बंदोबस्त?

"वैराळेदादा, अंगठा उठवा," ती म्हणाली. "लवकर."

"सिस्टर, तुम्हीपण?"

तिने शाईचं पॅड त्याच्यापुढे सरकवलं. फाटकाबाहेर पडताच तिने रिक्षा थांबवली, त्याला आत ढकललं आणि स्वतः शेजारी बसली. बारा वाजता तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता.

दहाव्या दिवशी वैराळे चालत घरी गेला. त्याच दिवशी शालनला कार्यालयाचं पत्र मिळालं. सुटका झालेल्या इसमाचा अपेक्षित वेळी मृत्यू न झाल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.