मागे जाणारी रेघ

"आई, मी घसरतोय."

प्रेरणाने झटकन गुडघा पुढे लावला आणि सत्यमला काखांत हात घालून धरलं. खुर्ची नवीकोरी होती. हात टेकायला दांड्या होत्या, डोक्याला आधार होता, छातीशी बांधायला पट्टा होता. पण बैठक इतकी तोकडी की पाठ टेकली की पोराच्या निम्म्या मांड्या बाहेर लोंबत होत्या.

"ही तर बाहुलीची खुर्ची," सत्यम म्हणाला आणि स्वतःच हसला.

हौशीराम सुताराला हसू आलं नाही. मळवलीत इतकी वर्षं दुकान, त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्याने कागद पुढे धरला. "बाई, तुमीच काढून दिलंय. रेघन् रेघ मोजून केलीय मी."

चित्र प्रेरणाचंच होतं. लग्नाआधी ती आयटीआयला ड्रॉइंग शिकली होती. लोहगडवाडीच्या आपल्या टपरीत, दोन गिऱ्हाइकांच्या मधे बसून तिने ते काढलं होतं. समोरची बाजू जशीच्या तशी, आणि कोपऱ्यांतून मागे जाणाऱ्या तिरप्या रेघा. उंची लिहिली, रुंदी लिहिली. खोली लिहायच्या आधी आतून सत्यमने हाक मारली. तो आकडा राहिला तो राहिलाच. हौशीरामने समोरच्या मापांवरून हिशोब बसवला आणि तिरपी रेघही त्याच हिशोबाने मोजली.

"भाऊ, मागे जाणारी रेघ अर्धीच काढतात," ती म्हणाली. "पूर्ण काढली तर वस्तू लांबच लांब दिसते. डोळ्याला पटत नाही."

"म्हंजे खरं दहा इंच, आन् कागदावर पाचाचा हिशोब?"

"हो. आकडा लिहायचा असतो शेजारी. मी विसरले."

"मग निम्मी चूक तुमची, निम्मी माजी," हौशीराम म्हणाला, आणि आता मात्र हसला. "ऱ्हाऊ द्या. बैठक नवी करतो. परवाच्याला घिऊन जावा."

परवा म्हणजे शनिवार. शनिवार-रविवार गडावर गर्दी. सत्यमला टपरीच्या तोंडाशी बसायचं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगायचं होतं, थंड ताक घ्या, गरम भजी घ्या. पावसाळ्यापासून तो पडद्यामागच्या खाटेवर पडून होता. ओरडायची तालीम तिथूनच चालू होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक सत्यमसमोर. खुर्ची अगदी अंगाबरोबर करून घ्या, सैल झाली तर पाठ वाकेल. दुसरी त्याला बाहेर बापाजवळ बसवल्यावर. स्नायूंचं हे दुखणं आता थांबणार नाही. पुढच्या वर्षाचे बेत करू नका.

प्रेरणाने सत्यमला टेप लावली. कंबरेपासून गुडघ्यामागपर्यंत. "दहा."

हौशीरामने फळीवर पेन्सिलीने बारा लिहिलं.

"दहा, भाऊ."

"आज दहा. दिवाळीला किती? पोराचं समदं वाढत्या मापाचं करावं, बाई. आमची आय चड्डी शिवायची, ती पयली दोन वर्सं छातीपतुर यायची. मग कमरंला. फाटली तवा कुटं मापात आलती."

सत्यम खुदकन हसला.

"नको. दहाच करा."

"आवो, दोन इंच लाकूड मी माज्या पदरचं घालतो. तुमचं काय जातंय?"

"दहाच करा म्हणते ना!"

आवाज इतका चढला की बाहेर रिक्षात बसलेल्या तिच्या नवऱ्याने, गोरखने, मान वळवून पाहिलं.  आपण काय वावगं बोललो, ते हौशीरामला कळेना. त्याने हातातली पेन्सिल कानावर अडकवली आणि उगाच फळीवरचा भुसा झटकला.

सत्यम आईच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने हळूच विचारलं, "आई, मी मोठा झाल्यावर मग कशात बसू?"



प्रेरणाने सत्यमला उचलून डाव्या कडेवर घेतलं. हौशीरामच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. कागद फळीवर पसरला आणि त्या तिरप्या रेघेशेजारी ठळक आकडा लिहिला. बारा.

"बारा करा, भाऊ. मलाच सुचलं नाही."

"आता कसं!" हौशीराम खुलला. "आन् लेका, बापाएवढा झालास तर?"

"मग तुम्ही दुसरी करा, आबा."

"करतो की. तवर जगलो तर करतो."

सत्यम पुन्हा हसला. दुकानातून बाहेर पडेपर्यंत तो हौशीरामला मान हलवून हलवून सांगत होता, की दुसरी खुर्ची निळी पाहिजे.

 गोरखने सत्यमला मांडीवर घेतलं आणि हँडल धरायला दिलं. "दोन मिनिटांत आले," म्हणून प्रेरणा पुढच्या गादीवाल्याच्या दुकानात गेली.

"उशी हवीय. लहान मुलाच्या खुर्चीत पाठीमागे बसवायला. दोन इंच जाड, टणक फोम. दबला नाही पाहिजे."

गादीवाल्याने माप टिपून घेतलं. "कव्हरला चेन लावतो. पोरगं वाढलं की आतला फोम कमी करता येतो. सगळे तशीच करून घेतात."

रस्त्यावरून सत्यमचा आवाज येत होता. थंड ताक. गरम भजी.

"चेन नको," ती म्हणाली. "चारी बाजूंनी शिवून टाका."